नऊ नंबरचा खो

मॉरिसव्हिलची लाल माती, मोज्यांतून काही केल्या न निघणारी.

थर्मासमध्ये आल्याचा चहा.

सांगलीच्या मैदानातला एक खांब, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

गाडीच्या बॉनेटला डावा पाय लांब करून टेकणारी बाई.

एक शब्द. ह्यूस्टनला सारखा ऐकू यायचा. इथे नाही.

ऑक्टोबर, चौऱ्याऐंशी.

गिरीशला रग्बीतलं काडीचं कळत नव्हतं. चर्चमागच्या मैदानाच्या कडेला तो थर्मास धरून उभा होता आणि त्याला एवढंच दिसत होतं, की मालिनीचा, त्याच्या बायकोचा, हात अडतो आहे. दांडग्या बायका एकमेकींत डोकी खुपसून रेटारेटी करायच्या आणि त्यांच्या पायांतून बॉल मागे यायचा. नऊ नंबरच्या हाफबॅकने, म्हणजे मालिनीने, तो उचलून त्याच झटक्यात लांबच्या रांगेकडे फेकायचा. इथे यायच्या आधी ह्यूस्टनच्या क्लबात ती उचलते कधी आणि फेकते कधी, हे दिसायचंच नाही. इथे दिसत होतं. उचलायची, थबकायची, मग फेकायची. तेवढ्यात कोणीतरी येऊन तिला आडवं करायचं.

आज जमलं नाही तर शनिवारच्या मॅचला नऊ नंबर दुसरीच्या पाठीवर जाईल, असं कोचने सांगून ठेवलं होतं. येताना गाडीत मालिनी म्हणाली होती, की जर्सी धुऊन परत देऊन टाकू. मग घरातले कांदे संपलेत म्हणून तिने विषय बदलला. कांदे होते.

कोचचं नाव डॉट. शिट्टी वाजवून तिने पाणी प्यायची सुट्टी दिली, गाडीपाशी आली आणि नेहमीसारखी बॉनेटला टेकली. गिरीशने न विचारता चहा ओतला. पहिल्या आठवड्यात तिने तो औषधासारखा गिळला होता. आता ती कप घेऊनच यायची.

ह्यूस्टनच्या कोचने मालिनीला काय शिकवलं होतं, असं तिने विचारलं. गिरीश म्हणाला, विशेष काही नाही. तो भला माणूस शाळेत केमिस्ट्री शिकवायचा. फक्त हिला ओरडू द्यायचा.

डॉटने कप खाली ठेवला. मालिनीचं बॉल फेकतानाचं ओरडणं तिनेच बंद केलं होतं, आणि कारण सरळ होतं: शब्द सुटला की समोरच्यांना कळतं, बॉल निघाला.

"मी एकदाच सांगितलं आणि तिने ऐकलं," ती म्हणाली. "इथे इतकं माझं कोणी ऐकत नाही."

"ती कोचचं ऐकतेच. कुठल्याही कोचचं. फक्त माझं नाही."

"तो शब्द आहे तरी काय?"

गिरीश म्हणाला, "सांगून नाही कळायचा. बसावं लागतं."

त्याने मालिनीला हाक मारली आणि मराठीत म्हणाला, की बाईंना तुझा सांगलीचा खो-खो दाखव.

"वेडा आहेस का? या बसतील?"

"बसव."

तिने बसवलं. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, सगळ्या उकिडव्या. बसवलं म्हणजे, पेगी नावाची दाराएवढी रुंद बाई आधी मागे कलंडली, तिच्या धक्क्याने शेजारची, आणि मग रांगच आडवी झाली. गिरीशचा चहा सांडला. तुमच्याकडे लोक खरंच असे बसतात, असं पेगीने जमिनीवरूनच विचारलं. बसून दाढीसुद्धा करून घेतात, मालिनी म्हणाली. कितीतरी दिवसांनी गिरीशने तिचा तो मिस्कील आवाज ऐकला.

टाचा टेकेनात म्हणून कोणी बुटांखाली टॉवेल घातला, कोणी शेजारणीचा खांदा धरला. रांग उभी राहिली, म्हणजे बसली. पण रांगेला आठजणी लागतात. टिकल्या सात; बाकीच्या हसत कडेला गेल्या. मधे एक जागा रिकामी. चालेल तसंच, मालिनी म्हणाली.

डॉटने गळ्यातली शिट्टी काढून गिरीशच्या हातात दिली. रांगेपर्यंत गेली. एका हाताने जमीन चाचपत, दात आवळून, सावकाश बसली.

मालिनी धावली. पेगीच्या मागे आली, तिचा तळवा पाठीवर पडला आणि तोंडातून शब्द सुटला, दोन्ही एकदमच.

"खो!"

पाइनच्या झाडांपर्यंत गेला तो. हात आणि तोंड हिची वेगवेगळी कधी नव्हतीच. एक बंद केलं की दुसरं अडायचंच.

पेगी उठली आणि चुकीच्या दिशेला पळाली. पुढची बरोबर पळाली. मग सगळ्याच ओरडू लागल्या, उठू लागल्या, पडू लागल्या. फिरत फिरत पाळी पुन्हा मालिनीवर आली. ती डॉटच्या मागे पोचली आणि हलकेच, जवळजवळ कानात म्हणाली, "खो."

डॉट उठली. चार पावलं धावली आणि गवतावर बसली, पाय लांब करून.

"शनिवारी ओरड," ती म्हणाली.

"आणि त्यांना कळलं तर?"

"कळू दे. कळून पोचतील का?"

सुट्टी संपली. पायांच्या गर्दीतून बॉल मागे आला. गिरीशने डोळे ताणून पाहिलं, पण मालिनीने तो उचलला कधी, ते त्याला दिसलं नाही.

परतताना चिखलाची जर्सी मालिनीच्या मांडीवर होती.

"कांदे आहेत घरात," ती म्हणाली.

डॉटच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन एकोणऐंशी साली झालं, आणि यापुढे उकिडवं कधीही बसायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं.