हरकतीचा आठवा दिवस

गिरजाबाईच्या थोरल्या नातीचं लग्न झालं त्या साली ग्रामपंचायतीनं मतदार यादी भिंतीवर लावली. हरकतीला आठ दिवस, अशी कोतवालानं दवंडी दिली. आठव्या दिवशी गिरजाबाई तिथं पोहोचली.

"आमच्या मालकांचं नाव खोडा. ते गेल्यावरही कुणीतरी त्यांचं मत टाकलं."

"नाव काय त्यांचं?" ग्रामसेवकानं विचारलं.

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं.

"आजी, उखाणा घ्या की!" मागची बाई म्हणाली. सगळे हसले.

गिरजाबाई भिंतीकडे वळली. साठीत शिकलेली अक्षरं जुळवत तिचं बोट यादीवरून सरकलं आणि थांबलं.

"इथून दिसत नाही, आजी. वाचा," ग्रामसेवक म्हणाला.

तिनं पदर सावरला आणि मोठ्यानं वाचलं, "रखमाजी तात्याबा शेवाळे. लिहा, तीन वर्षांमागं चैत्री पौर्णिमेला वारले."