खुर्चीपुढची जानमाज

दोन्ही गुडघे बदलून वर्ष झालं, तरी अम्मीचे पाय वाकत नाहीत. नमाज ती खुर्चीत बसूनच पढते. जानमाज, नमाजाची मखमली चटई, मात्र रोज पुढ्यात अंथरायला लावते.

"एकदा तरी कपाळ टेकवायचंय गं," एवढंच म्हणते.

दौंडच्या घरात जानमाजेची घडी घालायचं काम माझं. मखमलीवर गुडघ्यांएवढे दोन गोल खड्डे पडलेले असतात. हाताला कोमट लागतात.

"मांजर बसत असंल," अम्मी म्हणायची.

आमच्याकडे मांजर नाही.

आज दुपारची नमाज संपली. अम्मीचे गुडघे ठणकत होते. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मी जानमाजेचं टोक उचलायला गेले. ते हलेना.

"थांब सबा," अम्मी हळूच म्हणाली. "माझ्या जुन्या गुडघ्यांवर बसलीय ती. तिला कपाळ टेकू दे."