सुईची परीक्षा

दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. धाकलीने तो ओठांत धरून ओला केला, टोकाला पीळ दिला, पुन्हा नेम धरला. समोर खुर्चीत मठाची थोरली परीक्षा घ्यायला बसली होती. दार बंद होतं.

धाकलीचं वय सत्तरीपुढचं, पण मठात सगळ्यांत शेवटी आली म्हणून नाव धाकलीच राहिलं. अंगणाभोवती बुटकी पांढरी घरं, घरटी एक बाई, प्रार्थना आणि भरतकाम, पिढ्यान्‌पिढ्या हेच. नियमही तितकाच जुना आणि थोरलीपासून धाकलीपर्यंत सगळ्यांना सारखा. जिला सुई ओवता येईना, तिने घराची किल्ली सोडायची आणि गावातल्या आजारघरात खाटेवर जाऊन पडायचं. धाकलीला त्या खाटेची मरणाची धास्ती.

शेवटी तिने देवावर हवाला ठेवला. दोरा सुईलगत चिमटीत दाबला आणि हात पुढे केला.

"ओवली बघा, ताई."

थोरली वाकली. नाकाला सुई टोचेल इतकी जवळ आली.

"वा! नजर शाबूत आहे हो तुझी. किल्ली राहू दे कमरेला."

धाकलीचा जीव भांड्यात पडला. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं, पण घर राहिलं याचा आनंद त्याहून मोठा होता.

बाहेर अंगणात चित्रकार महिनाभर ठाण मांडून होता. चित्र आजच पुरं झालं होतं. त्याने ते सगळ्याजणींसमोर धरलं आणि एकच हशा पिकला.

"अगंबाई, भिंती वितळल्या की काय!"

"माझं दार कुठंय? हा तर नुसता हिरवा डाग!"

"दादा, चष्मा घरी विसरलात का हो?"

चित्रकार ओशाळला. "उन्हात क्षणभर असंच दिसतं, ताई," तो पुटपुटला.

यात हसण्यासारखं काय, ते धाकलीला कळेना. तिला तर अंगण हल्ली रोज अस्संच दिसायचं. पण बोललं तर बिंग फुटणार. मग तीही तोंडावर हात ठेवून चारचौघींबरोबर हसली.

गलका ऐकून थोरली बाहेर आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि चिडून वळली.

"दात काय काढताय गं? दार न्‌ दार, खिडकी न्‌ खिडकी, सगळं हुबेहूब तर काढलंय बिचाऱ्याने!"