बंद दारामागचे गोळे

या, असे जरा जवळ सरकून बसा. भरल्या घरात एका सुनेने मान कशी ताठ ठेवली, ते ऐका. देव कुणाचं काही झाकून ठेवत नाही, फक्त उघडायची वेळ त्याची असते.

"सॉसेजचे गोळे या वर्षी नकोत," नणंद आल्या आल्या म्हणाली. पर्स अजून खांद्यावरच होती. "आईबरोबर गेले ते. आणि पुढच्या वर्षापासून सुट्टीचा मेळावा माझ्या घरी."

सून ओट्यापाशी चीज किसत होती. किसणी थांबली नाही.

"मेळावा याच घरात होईल, वन्सं. गोळेही होतील."

"तू करणार? भांडी घासता घासता शिकलीस वाटतं!"

टोमणा झोंबणारा होता, पण खोटा नव्हता. दर वर्षी सुट्टीच्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेत. सुनेला तेवढी आत यायची मुभा, तीही भांडी घासायला. दोन तासांनी दार उघडे आणि सोनेरी गोळ्यांचे चार ट्रे बाहेर येत. पंचवीस माणसं बोटं चाटत आणि सासूबाईंचं नाव घेत.

"संधिवाताने बोटं वाकडी झाली होती तिची," नणंद म्हणाली. "बारा वर्षं सोसलं. तरी दोनशे गोळे एकटीने वळायची. कुणाला हात लावू दिला नाही. आणि वर्षही झालं नाही, तर तू तिच्या जागी उभी!"

सुनेने हात पुसले. फडताळातून एक तेलकट वही काढली आणि नणंदेपुढे धरली.

"अक्षर ओळखता ना?"

नणंदेने पानावरून बोट फिरवलं. "आईचं."

"मग तुम्ही वाचा, मी करते. मापंही तुम्हीच घ्या. चमचाभर इकडचं तिकडे झालं, तर माझा कान धरा."

"आणि चव आईची नाही निघाली तर?"

"मेळावा तुमचा. ट्रेसुद्धा घेऊन जा. पण निघाली, तर मी आहे तोवर याच घरात. आणि निवाडा बाबांनी करायचा. सासूबाईंच्या हातचं सगळ्यात जास्त वर्षं त्यांनीच खाल्लंय."

वहिनीने मान वर करून बोललेलं नणंदेने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मान्य. बाबा खोटं बोलायचे नाहीत."

तिने पर्स खुंटीला अडकवली आणि दार आतून लावून घेतलं. "आई लावायची."

"हो," सून म्हणाली. "लावायच्या."

नणंद एकेक ओळ वाचू लागली. सुनेने सॉसेजची सालं सोडवून आतला खिमा परातीत मोकळा केला. नणंदेने मैद्याची वाटी सुरीने सपाट करून दिली. बेकिंग पावडर, मिरपूड, किसलेलं चीज. ओठात देवाचं नाव ठेवून सून मळत होती. मळता मळता तिचा हात वाटलेल्या मोहरीच्या बरणीकडे गेला.

"मोहरी लिहिलेली नाही!" नणंद कडाडली.

"नाही लिहिलेली." सुनेने बरणी मागे सरकवली.

पीठ भुरभुरत होतं. गोळा वळला की चिरा पडत होत्या. सुनेने दुधाच्या पातेल्याकडे पाहिलं.

"दूध आहे का वहीत, वन्सं? नीट बघा."

"नाही."

"मग नाही."

पहिला ट्रे ओव्हनमध्ये गेला. वीस मिनिटांत वास दाराच्या फटीतून बैठकीच्या खोलीत पोचला, आणि पोरांपासून थोरांपर्यंत सगळे दाराशी येऊन उभे राहिले. दार उघडलं. पहिला गोळा नणंदेने उचलला, दोनदा चावला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"ऐका सगळे! कोरडा ठणठणीत आहे. ना तो मऊपणा, ना तो झणका. मी स्वतः मापं घेतली, शब्दन् शब्द वाचला, तरी बिघडलाच! हात लागतो, नुसती वही असून भागत नाही. ही आईची चव नाही. त्रिवार नाही!"

सुनेचा नवरा घास तोंडात घोळवत पाण्याचा ग्लास शोधू लागला.

"बाबांनी अजून खाल्लं नाही," सून म्हणाली. तिने बशी सासऱ्यांपुढे नेली, आणि उत्तराची वाट न बघता वळून सिंकपाशी जाऊन परात घासायला घेतली.

सासऱ्यांनी गोळा तोंडात घातला. सावकाश चावला. ठसका लागला. पाणी प्यायले. पुन्हा चावला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले.

"तिचाच आहे," ते म्हणाले.

"बाबा! काहीतरीच काय!"

"अगं, लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत अस्सेच केले होते तिने. घशाखाली उतरेनात. ती दाराआडून बघत होती, म्हणून पाणी पीत पीत चौदा खाल्ले मी." त्यांनी दुसरा उचलला. "बारा वर्षांत हे खायला मिळालं नव्हतं, म्हणून तू चव विसरलीस. हेच, अगदी हेच तिच्या हातचं."

"मग बारा वर्षं आपण…"

नणंदेचं वाक्य तिथेच थांबलं. तिची नजर मोहरीच्या बरणीवर गेली, तिथून सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वहिनीच्या हातांवर.

तर मंडळी, मागणं एवढंच. पुढच्या सुट्टीत कुणाच्या घरी बोटं चाटाल आणि कुणाचं तरी नाव घ्याल, तेव्हा भांडी घासायला म्हणून आत गेलेल्या बाईचीही आठवण ठेवा.