मुका फोटो

"बटणाला नावच नाही हो, बाई. माझा कॉम्प्युटर नुसता 'चित्र, चित्र' म्हणत बसतो. दाबू कुठं?"

यामिनीनं रिसीव्हर उजव्या कानाला घट्ट लावला. डावा निकामी होता. नागपुरात नवऱ्यानं, निशांतनं, एका थपडेत तो फोडला होता. का, तर भाजी अळणी झाली.

"थोडंफार दिसतं का?" तिनं विचारलं.

"उजेडसुद्धा कळत नाही. पडद्यावरचे शब्द मशीन मोठ्यानं वाचतं, तेवढाच आधार. जिथं शब्द नाहीत तिथं मी ठार आंधळा." मग हसणं ऐकू आलं. "मघाशी तुमच्या हिंदीवरूनच ओळखलं, मराठी आहात. मी सदाशिव. काका म्हणा."

चंदीगडला आल्यापासून तिच्याशी फोनवर कुणी मराठी बोललं नव्हतं. हिशोबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत वेबसाइटच्या तक्रारी ऐकणं हे तिचं काम. बाकीचे शिव्या घालत, काका तेवढे पुन्हापुन्हा फोन करून तिच्या पोरीची चौकशी करत.

"एका अंध माणसासाठी अख्खी साइट बदलायची? पागल हो क्या, यामिनीजी?" कंपनीचे मालक गिलसाहेब म्हणाले.

"तक्रारी ऐकायला एका कानाची बाई ठेवलीत ना, सर? मग एवढं करा."

गिलसाहेब कपाळाला हात लावून हसले. "करो जी, करो."

संध्याकाळी सगळे गेले की ती बसायची. चार वर्षांची अपेक्षा मांडीवर झोपलेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवत यामिनी एकेका फोटोमागे दोन ओळी लिहायची. या ओळी पानावर दिसत नसत, काकांचं मशीन त्या वाचून दाखवी. दिवाळीच्या फोटोमागे तिनं लिहिलं, 'पणत्यांसमोर उभी असलेली ऑफिसची माणसं.' त्यांत ती नव्हती. फोटोत ती कधीच उभी राहत नसे.

निशांतनं एकदा अपेक्षाला गच्चीच्या कठड्याबाहेर एका हातानं लोंबकळत धरलं होतं. पोर हवेत पाय झाडत होती. "पळालीस तर शोधून काढीन," तो म्हणाला होता. "मग आधी ही खाली, मागून तू." यामिनीचे हात इतके थरथरत होते की पोरीला परत घेताना ती निसटता निसटता वाचली. त्याच आठवड्यात तिनं घर सोडलं.

लोहडीला, पंजाबातल्या संक्रांतीच्या आदल्या सणाला, ऑफिसच्या अंगणात शेकोटी पेटली. कुणीतरी फोटो काढला, आणि गिलसाहेबांनी हौसेनं स्वतःच्या हातानं तो साइटवर दिवाळीच्या फोटोच्या जागी चढवला. मागचे शब्द दिवाळीचेच राहिले. फोटोच्या कोपऱ्यात यामिनी होती, आणि तिच्या कडेवर उघड्या डोक्याची अपेक्षा.

दुसऱ्या दिवशी साइट उघडताच यामिनीला तो दिसला. तिनं तो ताबडतोब उतरवला.

"एक दिन ही तो रहा, यार," गिलसाहेब म्हणाले. "कोण बघतं?"

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"लोहडी झाली का जोरात? अहो, पोरीला उघड्या डोक्यानं थंडीत नेऊ नये. कान बांधत जा तिचे."

"हो काका," यामिनी म्हणाली.

"आणि हो, डोळे दाखवायला मी तिकडे येतोय. चिमणीला खाऊ द्यायचाय. घरचा पत्ता तेवढा सांगा."

घराचा विषय ती नेहमी टाळायची. आज टाळला नाही. "या की. पण आधी ऑफिसात या, काका. मग मीच तुम्हाला घरी नेते."

रिसीव्हर ठेवल्यावर तिनं पोरीचं डोकं ओंजळीत धरलं; त्या फोटोमागच्या ओळींत पोरीचा शब्दही नव्हता.

"आई, रो क्यूँ रही हो?"

"नाही गं बाळा. काल शेकोटीचा धूर गेला ना डोळ्यांत."

काका यायच्या दिवशी तिनं अपेक्षाला शेजारच्या सरलाताईंकडे ठेवलं. ऑफिसात लवकर आली, चौकीदाराच्या कानाशी काहीतरी बोलली. मग तिसऱ्या मजल्यावर गेली. इमारत नवी होती, लिफ्ट अजून बसायची होती. लिफ्टच्या जागी भिंतीत माणसाएवढी उघडी चौकट, आणि चौकटीपलीकडे तळापर्यंत खड्डा. तळाशी सळया उभ्या होत्या. चौकटीला आडवी बांधलेली फळी यामिनीनं सोडली आणि भिंतीला टेकवून ठेवली. जिन्याच्या खिडकीतलं ऊन थेट त्या खड्ड्यात पडलं होतं.

काका आले. काळा चष्मा, पांढरी काठी, हातात बर्फीचा डबा. प्रत्येक पायरी काठीनं चाचपत ते चढले. त्यांची पिशवी घेऊन चौकीदार अगदी पाठीशी चालत होता.

"किती चढवतेस गं म्हाताऱ्याला! मारतेस की काय?"

"आलंच आता, काका."

"चिमणी कुठाय?"

"आत. तुमचीच वाट बघतेय."

तिनं त्यांचं कोपर धरलं आणि त्यांना चौकटीकडे वळवलं. त्यांच्या स्वेटरची बाही मुठीत गच्च आवळली. कठड्याबाहेर लोंबणारे ते इवलेसे पाय तिच्या डोळ्यांसमोर आले. आज तिचे हात थरथरत नव्हते.

"पुढे पायरी आहे का गं?" काकांनी विचारलं.

"एकही नाही. सरळ या. वाट मोकळी आहे."

काठी टेकली, पाऊल पडलं. पुन्हा काठी टेकली, पुन्हा पाऊल पडलं. चौकट समोर आली. पुढच्या पावलासाठी काकांनी काठी उचलली.

"टाका पाऊल, काका," यामिनी हळूच म्हणाली.

काठी अजून हवेतच होती, कुठंही टेकली नव्हती, आणि काकांचा पाय मात्र काठाच्या अलीकडेच थांबला.

"निशांतनं पाठवलं ना तुम्हाला, काका?" यामिनीनं विचारलं.