रेशमी गुलाब

दोन्या इग्नासिया म्हणजे कॉफीमळ्याच्या मालकीणबाई. त्यांच्या जुन्या नक्षीदार खुर्चीच्या बैठकीवरचे रेशमी गुलाब त्यांच्याकडे कामाला असलेल्या युलोहियाने अकरा महिने खपून भरले होते. तिची पाच वर्षांची नेलिदा एकदाच त्या खुर्चीवर चढून बसली, तेव्हा युलोहियानेच पाठीत धपाटा घालून तिला खाली ओढलं होतं.

काल नेलिदा तापाने गेली. इथे एवढंसं लेकरू गेलं की देवदूत होतं. त्याला कागदी पंख लावून खुर्चीत बसवतात, गाणी म्हणतात, आणि आईने रडायचं नसतं.

बाईसाहेबांनी आपणहून ती खुर्ची पाठवली. युलोहियाचा ऊर भरून आला.

गिटार वाजायला लागली. गुलाबांवर बसलेली लेक पाहून तिला राहवेना. खुर्चीला मिठी मारून ती हमसून हमसून रडायला लागली.

"अगं, रडू नको! पोरीचे पंख भिजतील!" शेजारणी ओरडल्या.

बाईसाहेब लगबगीने पुढे आल्या. त्यांनी हलक्या हाताने युलोहियाला उठवलं.

"रडू द्या गं तिला. फक्त जरा लांब बसून रड हं, युलोहिया. रेशमावरचा डाग निघत नाही, तुला तर माहीतच आहे."