दुसरे वाक्य

स्टेनारचा मुलगा एविंद, एविंदचा मुलगा हाल्लुर आणि हाल्लुरची मुलगी स्नायदीस, वय वर्षे सात. बाक्की नावाच्या शेतघरातल्या या घराण्यात फार बोलण्याची रीत नव्हती, आणि स्नायदीसने तर सकाळभर पेन्सिल चावण्यापलीकडे काही केले नव्हते. मग तिने एका दमात एक ओळ लिहिली आणि कागद वर्गाच्या बाईंपुढे, रग्नापुढे, सरकवला. मुलांचे कागद दोरीवर टांगायचा लाकडी चिमटा रग्नाच्या हातातच राहिला.

आजोबांनी कोकराचा कान कापला.

वाक्य निर्दोष होते. कोणी केले ते होते, काय केले ते होते, शेवटी टिंबही होते. एकोणचाळीस वर्षे रग्ना या खोऱ्यातल्या पहिलीच्या मुलांना हेच शिकवत आली होती. स्वतः पाहिलेले लिहा, अर्धवट सोडू नका, आणि लिहिलेत की त्या शब्दाला जागा. खरे आणि पुरे वाक्य दोरीवर चढणार, हा तिचा शब्द होता. तो तिने आजवर मोडला नव्हता.

शनिवारी डोंगरावरून मेंढरे उतरली होती. गोल कुंपणात घरागणिक एक खण असतो. ज्याची त्याची मेंढरे ज्याच्या त्याच्या खणात गेली. “आपल्यात एक कोकरू जास्त भरतंय,” रग्नाचा धाकटा भाऊ घरी येऊन म्हणाला होता. “मोजता येत नाही तुला. ये माझ्या वर्गात,” असे ऐकवून तिने त्याला गप्प केले होते. आज मुलांनी त्या शनिवारावर एकेक वाक्य लिहायचे होते आणि दुपारी दोन वाजता अवघे खोरे ते वाचायला, कॉफी प्यायला येणार होते. ‘कुत्रा चिखलात पडला.’ आणि ‘मामाने टोपी हरवली.’ ही वाक्ये आधीच दोरीवर झुलत होती.

या खोऱ्यात मुले अक्षरांआधी कान वाचायला शिकतात. घराची खूण कोकराच्या कानावर कापतात ती वसंतात, चारचौघांदेखत. शरदात कोणी कानाला चाकू लावला, तर त्याचा अर्थ एकच: दुसऱ्याचे मेंढरू आपले करून घेतले. आणि स्नायदीसचे आजोबा एविंद तर मेंढरे उतरवणाऱ्यांचे म्होरके. ही एक ओळ दोरीवर चढली, की बाक्कीवाल्यांना खोऱ्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

रग्ना होती नदीच्या पलीकडच्या काठावरच्या तुंगा या शेतघरातली. चौपन्न वर्षांपूर्वी, ती सात वर्षांची असताना, वडिलांनी तिला तिचे स्वतःचे पहिले कोकरू दिले होते. करडे, काळ्या डोक्याचे. ते उशिरा जन्मले आणि खूण कापण्याआधीच आईमागून डोंगरावर गेले. शरदात उतरले तेव्हा त्या कोऱ्या कानावर स्टेनारने बाक्कीची खूण कापली. कोकरू धरले होते नऊ वर्षांच्या एविंदने. “तुमचं आहे ना? मग तुमची खूण दाखवा,” स्टेनार हसत म्हणाला. दाखवायला खूण नव्हती. तेव्हापासून तुंगाच्या स्वयंपाकघरात एक टोमणा मुरत आला होता: बाक्कीचा चाकू शरदातही गंजत नाही.

“तू पाहिलंस हे?” रग्नाने विचारले.

“पाहिलं म्हणजे? मीच तर धरलं होतं. केवढ्या लाथा मारत होतं!”

“इतक्या वेळात एकच ओळ,” मागच्या बाकावरून कोल्बेन म्हणाला. “बाक्कीवाल्यांना शब्द विकत आणावे लागतात.”

“तू आधी मामाची टोपी शोध,” रग्नाने मागे न पाहताच सुनावले.

“टांगणार ना?” स्नायदीस म्हणाली. “खरं आहे. पुरंही आहे.”

रग्नाने चिमटा उघडला. घरातला टोमणा आज बाक्कीच्याच पोरीच्या अक्षरात उतरला होता. तिला सूड घ्यायचा नव्हता. फक्त आपला नियम पाळायचा होता. तेवढ्यात आपला हात किती उतावीळ झाला आहे, हे तिच्या ध्यानात आले. उतावीळ हाताने मुलांचा कागद तपासायचा नाही, हाही तिचाच नियम होता. ती स्नायदीसशेजारच्या बुटक्या बाकावर बसली.

“मग काय झालं?”

“एकच वाक्य म्हणाली होतीस तू.” या खोऱ्यात मुले बाईंनाही नावाने आणि ‘तू’ म्हणूनच हाक मारत.

“आता दुसरं सांगते आहे. लिही.”

स्नायदीसने मोठा उसासा टाकला, जीभ ओठांबाहेर काढली आणि लिहिले: मग आम्ही ते तुंगाच्या खणात सोडले.

रग्नाने ते दोनदा वाचले. बाक्कीची खूण म्हणजे डाव्या कानाचे टोक छाटलेले. तुंगाची खूण तीच, शिवाय उजव्या कानाला एक खाच. बाक्कीचे कोकरू तुंगाचे करायचे, तर एक खाच पुरे.

“कुठला कान कापला?”

“उजवा. डावा आमचा होताच की आधीचा.”

“आणि कोकरू?”

“करडं. डोकं काळं. तसलंच हवं म्हणून आजोबा दर वसंतात वाट बघायचे. या वर्षी झालं एकदाचं.” स्नायदीसने कपाळाला आठ्या घातल्या. “मी विचारलं, कुणाचं आहे हे? तर म्हणाले, तुंगाच्या सात वर्षांच्या मुलीचं. पण रग्ना, तुंगात सात वर्षांची मुलगी आहेच कुठं?”

“आहे,” रग्ना म्हणाली, आणि दोन्ही वाक्यांचा तो कागद तिने दोरीच्या अगदी मधोमध टांगला. “तिचं कोकरू तिला पोचलं.”